शुक्रवारपर्यंत बरे होऊ नका

ए, मधे कोणी बोलू नका हं. मधे बोललात की मी अडखळणार, आणि अडखळले की पुढचं सांगायची हिंमतच नाही व्हायची. एकदाच सांगते. पहिल्यापासून.

तर माझा मामा. तुमच्यातल्या अर्ध्यांनी त्याला पाहिलंय. शिलाई मशिनी दुरुस्त करायचा, बोटं कायम तेलकट, आणि नवीन माणूस दिसलं की आधी त्याला नाव ठेवणार. मी पिपाणी, माझ्या ह्या आवाजामुळे. आणि बुटके, तुला बुटकी कोणी केलं? त्यानेच. माझे बाबा मी लहान असतानाच गेले, मग घरात आम्ही तिघंच, मी, आई आणि मामा.

सहा वर्षांपूर्वी मामाच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. आईने आपली एक दिली. विचार नाही, चर्चा नाही, तपासण्या जुळल्या तशी सरळ जाऊन झोपली टेबलावर. आई तेव्हा शाळेत शिकवायची ना, तर मामा शुद्धीवर आल्या आल्या काय म्हणाला माहितीये? "ताई, तुझी किडनी बसवल्यापासून मला सगळ्यांना ओळीत उभं करावंसं वाटतंय." टाके ओले होते, आणि आई हसून हसून रडली.

पण दुसऱ्याची किडनी अशी फुकट नाही राहत अंगात. अंग तिला परकं समजतं आणि मारायला धावतं. म्हणून अंगाची लढायची ताकदच गोळ्यांनी दाबून ठेवायची, रोज सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. म्हणजे किडनी सुखरूप, पण तुम्हाला मला जी सर्दी होते आणि आपण नाक पुसत गावभर फिरतो, ती त्याला महागात पडू शकते. डॉक्टरांनी हे समजावलं, त्याच महिन्यात आईने शाळा सोडली. वर्गात चाळीस पोरं, त्यातली दहा कायम शेंबडी. "मी ते घरी घेऊन येणार नाही," म्हणाली. घरी बसून शिकवण्या नाहीत, काही नाही, मामाच्याच मशिनीवर कपडे शिवायला बसली.

आणि नियम. बाहेरून आलं की आधी आंघोळ. कोणाच्या आसपास कोणी आजारी असलं की घरी सांगायचं, आणि चार दिवस दुसरीकडे झोपायचं. दर वर्षी फ्लूची सुई तिघांनी. मामा रोज संध्याकाळी दाराशी खुर्ची टाकून बसायचा आणि मी जिन्यात दिसले की ओरडायचा, "थांब! आज कोण खोकलं?" मी लांबूनच अहवाल द्यायचा, मग आत. आम्ही त्याला नाका म्हणायचो. टोलनाक्यासारखा. सहा वर्षं त्या नाक्यावरून एक शिंक आत गेली नाही.

आता माझं काम. तुम्हाला माहितीये, मी डबिंग करते. परक्या भाषेतले सिनेमे येतात, त्यातल्या माणसांना आपल्या भाषेत बोलायला लावायचं. तीन वर्षं मी काय केलं? मांजरं. रडणारी बाळं. गर्दीतली किंकाळी. एकदा तर एका बकरीची चार वाक्यं होती आणि मी पेढे वाटायची बाकी होते. आणि मग हा सिनेमा आला. समुद्रात दीपगृह, तिथे एक म्हातारा आणि त्याची सहा वर्षांची नात, बस, दोघंच. नात मी. अख्ख्या सिनेमाभर मी.

म्हातारा करणार होते भारदस्त काका. हे नाव स्टुडिओतलं. ते बोलायला लागले की समोरच्या पेल्यातलं पाणी हलतं. आणि डबिंग घेणाऱ्या बाई, त्यांना आम्ही 'पुन्हा' म्हणतो, कारण सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या तेवढंच म्हणतात. "पुन्हा." "छान होतं. पुन्हा."

आवाज घ्यायची खोली कशी असते ते सांगते, कारण सगळं त्या खोलीतच झालं. मोठं कपाट घ्या. आत दोन माणसं उभी करा आणि दार लावून टाका. चारी भिंतींना स्पंज. दार एवढं जाड की ढकलायला खांदा लागतो. खिडकी म्हणजे एक काच, ती उघडत नाही, पलीकडे पुन्हा बाई आणि रेकॉर्डिस्ट. आणि लाल दिवा लागला की एसी बंद, कारण एसीची घूं घूं माईकला ऐकू जाते. म्हणजे तासन्‌तास तीच हवा. काकांनी सोडलेली मी घेतेय, मी सोडलेली काका. आता बहुतेक ठिकाणी एकेकट्याचं घेतात, पण पुन्हा बाईंचा हट्ट, की दोघांचा सीन दोघांनी एकत्रच करायचा, एका माईकवर, तरच श्वास जुळतात. खरंच जुळतात, खोटं कशाला बोलू. माईकच्या पुढे कापडाची एक गोल जाळी असते, तोंडातली फुंकर आणि थुंकी अडवायला. ती जाळी कोणी धुतलेली मी कधी बघितली नाही.

पहिला अर्धा सिनेमा मजेत झाला. मग त्या सोमवारी काका आले ते गळ्याला मफलर गुंडाळून. तोंड उघडलं तर आवाज फाटलेला, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. "पोरी," मला म्हणाले, "आज मी कामाचा नाही. बाईंना दोन ओळी ऐकवतो, त्यांची खात्री पटली की घरी जाऊन पडतो."

ऐकवल्या दोन ओळी. सिनेमात नेमका तिथून पुढे म्हातारा आजारी पडतो. काचेपलीकडे पुन्हा बाई उभ्याच राहिल्या. मी तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं, "झालं. ओके." पहिल्या टेकला! रेकॉर्डिस्टने तर कानावरचे हेडफोन काढून बघितलं, ही बाई तीच आहे ना म्हणून.

"काका, हा आवाज कुठे लपवून ठेवला होता?"

"लपवला कुठे, कालपासून घसा धरलाय. अंग मोडून आलंय."

"असू दे, असू दे. बसून करा. पण करा."

त्या दिवशी सात सीन झाले. कसले सुंदर झाले, सांगू? म्हातारा खोकतो तिथे काका खरंच खोकत होते. माझ्या कानापासून वीतभर अंतरावर. आणि मी नात, मी घाबरून विचारते, "आजोबा, दुखतंय का?" तर माझाही आवाज खरंच कापला. बाईंच्या डोळ्यांत पाणी.

मंगळवारी सकाळी काकांचा फोन, ताप आहे, येत नाही. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि हात जोडले, फोनला. "काका, अहो अर्धा म्हातारा ह्या आवाजात झालाय. तुम्ही बरे झालात की तो आवाज गेला, मग मी काय करू? शुक्रवारनंतर स्टुडिओ दुसऱ्यांना दिलाय. पाया पडते, शुक्रवारपर्यंत बरे होऊ नका!"

सगळे खो खो हसलो. काकाही तिकडून हसले, हसता हसता खोकले, आणि बाई म्हणाल्या, "हाच! हाच खोकला जपून आणा!" मी पण हसले. पोट धरून हसले मी.

गाडी पाठवली त्यांना. वर निरोप, गुळण्या करू नका, घसा मोकळा होईल.

आता हे नीट ऐका. मला कळत नव्हतं असं नाही. सहा वर्षं ज्या घरात राहिले तिथल्या माणसाला नाही कळणार तर कोणाला? मी बाईंकडे गेले, हळूच म्हटलं, "आमचं दोघांचं वेगवेगळं घेतलं तर?"

"का गं?"

"नाही, काका आजारी आहेत, म्हणून."

"अगं, मग नातीचा आवाज कशावर कापणार? भिंतीवर?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, चिडून नाही हं, अगदी साधेपणाने, "तुला अडचण असेल तर आत्ताच सांग. लहान मुलीचा आवाज काढणाऱ्या अजून तिघी आहेत माझ्याकडे."

मी म्हटलं, अडचण काही नाही.

मामाचं सांगितलं असतं ना, तर त्या कदाचित थांबल्या असत्या. बाई काही राक्षसीण नाही. पण मी सांगितलंच नाही. मला वाटलं, सांगितलं की मी गेले, परत बकरी.

मास्क घालून बघितला, आवाज दबतो, रेकॉर्डिस्टने काचेवर टकटक करून काढायला लावला. मग मी बाहेर आले की गुळण्या, हात धुणं, घरी गेल्यावर आंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत. जणू ते कपड्यांनाच चिकटलेलं असतं. ते माझ्या आत होतं, आणि मी साबण चोळत होते बाहेरून.

आणि संध्याकाळी नाका. "थांब! आज कोण खोकलं?"

"कोणी नाही रे."

सोमवारी म्हणाले, मंगळवारी म्हणाले, बुधवारी म्हणाले. बुधवारी माझी फ्लूची सुई होती, आई आणि मामाची होऊन गेली होती. मी फोन करून पुढच्या आठवड्यावर ढकलली. सीन लांबला होता.

मला काहीच होत नव्हतं! नाक कोरडं, घसा ठणठणीत, भूक अशी की आई म्हणाली, पोटात काय भोक पडलंय का. मी मनात म्हटलं, जरा जरी कणकण वाटली ना, की त्या मिनिटाला बुटकीकडे जाऊन राहीन. लागण झाली की आपल्याला कळेल, आणि कळलं की आपण निघू. एवढं सोपं गणित. आईने शिकवलेल्या गणितात मी कायम नापास.

गुरुवारी संध्याकाळी मी खूश होते. शेवटचे दोन सीन राहिले होते फक्त. मामा म्हणाला, "ए पिपाणी, एवढं काय ते दीपगृह, आम्हाला ऐकव की." मी फोनवर संवाद काढले, आणि मामा म्हातारा झाला, मी नात. त्याला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून मी उजव्या बाजूला अगदी खेटून बसले, एकाच फोनमध्ये दोघांची डोकी. त्याने काकांसारखा फाटका आवाज काढायचा प्रयत्न केला आणि बदकासारखा निघाला. आई मशिनीवरून म्हणाली, "अरे, तो मरतोय, भाजी विकायला नाही बसलाय!" मी एवढी हसले, एवढी हसले, की माझं डोकं त्याच्या खांद्यावर. तोंड उघडं टाकून हसत होते, त्याच्या तोंडासमोर. अर्धा तास.

शुक्रवारी सकाळी स्टुडिओत पोचले आणि जिन्यातच पाय जड झाले. आत उभी राहिले, लाल दिवा लागला, आणि "आजोबा" म्हणायला गेले तर घशात काचा. बाई म्हणाल्या, "पोरीचा आवाज बसला. पुन्हा." अजून एकदा केलं. "पुन्हा." तिसऱ्यांदा मला काच दोन दोन दिसायला लागली. मी तो जाड दरवाजा खांद्याने ढकलला आणि बाहेर. बाई मागून हाका मारतायत, मी रस्त्यावर.

घरी नाही गेले. बुटके, तुझ्याकडे आले. तुला दारातूनच म्हटलं, लांब राहा, आणि आईला फोन लावला.

"आई, मला ताप आहे. मी घरी येत नाहीये."

"बरं केलंस. कधीपासून?"

"आज सकाळपासून. पण काका आजारी होते."

"कोण काका? कधीपासून?"

"सोमवारपासून."

तिकडे तिची शिलाई मशीन बंद झाली. मग आई म्हणाली, "ठेव. डॉक्टरांना लावते."

तिने सगळं बरोबर केलं. डॉक्टरांनी त्याच दुपारी मामाला विषाणूवरची गोळी सुरू केली, लक्षणं दिसायच्या आधीच. मामाने मला फोन केला, "पिपाणे, खोटं बोलताना तुझा आवाज आणखी बारीक होतो. मला सोमवारीच कळायला हवं होतं, माझंच चुकलं." माझंच चुकलं म्हणाला. आणि हसला. शनिवारी ठीक होता. रविवारी पहाटे त्याला थंडी भरली.

सोमवारी दवाखान्यात. मंगळवारी ऑक्सिजन. मी अजून तुझ्या खोलीत पडलेली, ताप उतरला होता माझा. तीन दिवसांत बरी! सूप पीत होते मी, फोनवर सिनेमे बघत होते. आणि तो तिथे.

इकडे स्टुडिओत रेकॉर्डिस्ट पडला, त्याची बायको पडली, पुन्हा बाई पडल्या, चहा आणणारे पडले, खालच्या मजल्यावरच्या हिशेबाच्या ऑफिसातले तिघं पडले, ज्यांची काकांशी ओळखही नव्हती, नुसते जिन्यात भेटले असतील. सगळे आठवड्याभरात उठले. कोणी मेलं नाही, कोणी दवाखान्यात गेलं नाही. काकांचा मला निरोप आला, आवाजातच पाठवलेला, "पोरी, मी ठणठणीत आहे," आणि खरंच, पेल्यातलं पाणी हलेल असा. त्यांना काय माहीत. त्यांना मामा आहे हेच माहीत नाही.

मला आत सोडेपर्यंत आठवडा गेला. तिथली डॉक्टर आपल्याच वयाची. तिने विचारलं, तुला ताप आला त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही बरोबर होतात का? मी म्हटलं, हो, पण तेव्हा मला काही होत नव्हतं. ती म्हणाली, "लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पसरतं ते. माणसाला वाटतं आपण बरे आहोत." मी म्हटलं, बुधवारी सुई घेतली असती तर? तर म्हणाली, "तिचा असर यायला दोन आठवडे लागतात. बुधवारी घेऊन काही उपयोग नव्हता." तिला वाटलं मला बरं वाटेल. म्हणजे सुईने नसता वाचला. मग कशाने वाचला असता, ते ती नाही बोलली, आणि ते मला माहीत होतं.

मग तो निर्णय आईसमोर आला. मोठे डॉक्टर आले आणि त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर बसवतात तेव्हाच समजायचं. ते म्हणाले, फुफ्फुसं भरत चाललीत. त्याच्या अंगाला लढू द्यायचं असेल तर किडनीच्या गोळ्या बंद कराव्या लागतील. बंद केल्या की अंग लढेल, पण आधी किडनीशीच लढेल बहुतेक.

आई म्हणाली, "म्हणजे एक काहीतरी."

"म्हणजे जीव आधी बघायचा."

आईने सही केली. हात अजिबात हलला नाही. मी बाजूला उभी होते.

चार दिवसांत किडनी बंद पडली. लघवीची पिशवी रिकामी. आई रोज त्या पिशवीकडे बघायची, चेहऱ्याकडे नाही, पिशवीकडेच. मामाच्या घशात नळी होती, तो झोपवलेला, आणि आता रक्त गाळायला अजून एक मशीन बाजूला. आई डॉक्टरांना म्हणाली, "माझ्याकडे अजून एक आहे." त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं, आणि ते तिच्याकडे बघेनात. म्हणाले, "असं नाही हो करता येत." ती म्हणाली, "रक्त जुळतं. सगळं जुळतं. तपासून बघा ना, जुने कागद आहेत माझ्याकडे." पिशवीतून काढायलाच लागली कागद. मी तिचा हात धरला तर तिने सोडवून घेतला. जोरात नाही. डास झटकावा तसा.

किडनी घालवली, तरी फुफ्फुसं सुधारली नाहीत. म्हणजे दोन्ही गेलं. दवाखान्यातल्या बाराव्या दिवशी दुपारी अडीचला मामा गेला. मी खाली औषधं आणायला गेले होते. वर आले तर नर्स मशिनीची बटणं बंद करत होती, एक एक, सावकाश, दुकान बंद करतात ना संध्याकाळी, तशी.

मग ते सगळं झालं, माणसं आली, गेली. तुम्ही पण आला होतात. आईने सगळ्यांना सांगितलं, "फ्लू झाला." कसा झाला, कोणाकडून झाला, एका शब्दाने नाही बोलली. कोणीतरी म्हणालं सुद्धा, हवाच खराब आहे सध्या. आई म्हणाली, "हो ना."

माझ्याशी अगदी चांगलं वागते. जेवलीस का, पंखा लावू का. पाहुण्याशी वागतात तसं. मला ते सहनच होईना. काल दुपारी ती पलंगावर पडली होती, मी जाऊन खाली बसले आणि म्हटलं, "आई, बोल ना मला. मार. मी सोमवारीच सांगितलं असतं तर तो असता. मला माहीत होतं आणि मी नाही सांगितलं. सिनेमासाठी."

ती छताकडे बघत होती. म्हणाली, "हो. तुला माहीत होतं."

बस, एवढंच. वाटलं आता ओरडेल. मी म्हटलं, "आई, मी कुठेतरी जाऊन राहू का?"

"जाऊन काय होणार? तूच राहिलीयेस आता."

तुम्हाला वाटेल मायेने म्हणाली असेल. नाही रे. घरात चोरी झाल्यावर माणूस खोलीभर नजर फिरवतो ना, काय काय उरलंय म्हणून, तशी माझ्यावर नजर फिरवली, आणि म्हणाली. मग कुशीवर वळली, भिंतीकडे तोंड करून. ज्या बाजूची किडनी काढली त्या बाजूवर. त्या बाजूवर ती कधी झोपत नाही, व्रण अजून दुखतो तिला. मी म्हटलं, "आई, ती बाजू." ती हलली नाही. मी तिथेच बसून राहिले, तिची पाठ वरखाली होताना बघत.